फ्युएल पंप खरंच गेलाय का? आधी तपासा कसं, मग बदला कसं

सांगलीत शंभर फुटी रोडला गाडी टोचन करून नेली आणि "चालताचालता बंद पडली, आता चालूच होईना" एवढं सांगितलं की बघायच्या आधीच कोणीतरी म्हणतं, पंप गेलाय, बदलून टाकू. गेलेला असेलही, नाही असं नाही, पण फ्युएल पंप हा काही शंभर-दोनशेचा पार्ट नाही आणि फ्यूज, रिले, अर्थिंगची वायर, पंपाच्या तळाची चोक झालेली जाळी, गरम झाल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय की नाही ते सांगणारा) यातलं काहीही बिघडलं तरी लक्षणं जवळपास तीच दिसतात. म्हणून नव्या लोकांनी एक क्रम डोक्यात ठेवा, आधी करंट बघायचा, मग प्रेशर, आणि यातून पंप दोषी निघाला तरच टाकी उघडायची.

आधी कुठल्या गाडीबद्दल बोलतोय ते सांगतो. हे सगळं साध्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) पेट्रोल गाड्यांसाठी आहे, ज्यात इलेक्ट्रिक पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० किंवा ओम्नीत पंप इंजिनला बाहेरून लावलेला असायचा, मेकॅनिकल, त्याचं गणित वेगळं. डिझेल कॉमन रेलवाल्यांनी इथूनच मागं फिरा, त्या लाईनमध्ये हजार बारच्याही वर प्रेशर असतं, बारीक धार कातडी फोडून आत जाते, तिथं हात घालायचाच नाही. टर्बो पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शन असेल तर टाकीतला पंप हाच प्रकार आहे पण इंजिनवर दुसरा हाय प्रेशर पंप पण असतो, त्याच्या पाइपला पाना लावू नका.

लक्षणं कशी ओळखायची

पंप एकदम मरतो कमी वेळा, बहुतेक वेळा तो महिनोन् महिने कुरकुरत असतो आणि आपण लक्ष देत नाही. सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त मारावा लागतो. सपाट रस्त्याला गाडी बरी चालते पण लोड आला की दम सोडते, म्हणजे पुण्याहून येताना खंबाटकी चढताना चार माणसं आणि एसी चालू असेल तर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी पुढं ओढत नाही, झटके खाते, पाय थोडा सोडला की उलट बरी चालते. हे पाय सोडल्यावर बरं वाटणं लक्षात ठेवा, कारण पंपाला कमी पेट्रोल पुरवणं जमतंय, जास्त पुरवणं जमत नाहीये असा त्याचा अर्थ निघतो. मागच्या सीटखालून बारीक किणकिण किंवा शिट्टीसारखा आवाज यायला लागतो, टाकी अर्ध्याच्या खाली गेली की तो वाढतो.

आणि एक खास आपल्याकडच्या उन्हाळ्यातलं. एप्रिल-मे मधे दुपारी मिरजेहून पंढरपूरकडं निघालात, तासाभरानं गाडी बंद, अर्धा तास झाडाखाली उभी केली की परत चालू, परत तासानं बंद. पंपाच्या मोटरचे ब्रश आणि वाइंडिंग संपत आले की गरम झाल्यावर असंच होतं. पण थांबा, क्रँक सेन्सर जाताना पण हुबेहूब हेच करतो आणि इथंच बरेच लोक फसतात. फरक ओळखायला बंद पडलेल्या अवस्थेतच सेल्फ मारून आरपीएमच्या काट्याकडं बघा. बऱ्याच गाड्यांत सेन्सर मेला असेल तर सेल्फ फिरत असताना काटा शून्याला चिकटून राहतो, हालत पण नाही. काटा थोडा तरी हालतोय आणि गाडी पकडत नाहीये तर संशय पेट्रोलकडं जातो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) असेल तर पी ०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी ०२३० म्हणजे पंपाच्या सर्किटमध्ये गडबड. ब्लूटूथवाला स्वस्तातला स्कॅनर पण एवढं काम करतो.

अजून एक फुकटातली टेस्ट. गाडी दम तोडायला लागली की बाजूला घ्या आणि टाकीचं झाकण उघडा. जोरात फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी पुढं बराच वेळ नीट चालली, तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायची वाट, चोक आहे, पंप बिचारा बरा आहे.

आधी करंट

मागच्या सीटवर कान लावून कोणाला तरी बसवा, किंवा पेट्रोल भरायच्या तोंडाशी कान न्या, आणि दुसऱ्यानं चावी फक्त ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही. बटण स्टार्ट असेल तर ब्रेक किंवा क्लचवर पाय न ठेवता इग्निशन ऑन होईपर्यंत बटण दाबायचं, बऱ्याच गाड्यांत दोनदा दाबावं लागतं. साधारण दोन सेकंद "ऊंऽऽ" असा आवाज येऊन बंद झाला पाहिजे. इंजिन फिरत नाही असं दिसलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुद्दाम पंप बंद करतो, अपघातात पाइप फुटला तर पेट्रोल ओतत राहू नये म्हणून, त्यामुळं दोन सेकंदांनी थांबला म्हणून घाबरू नका. काही गाड्या दार उघडल्यावरच पंप फिरवतात, अशा वेळी चावी लावल्यावर आवाज येत नाही, हे पण ध्यानात असू द्या.

आवाज आलाच नाही तर पहिल्यांदा फ्यूज बॉक्स. झाकणाच्या मागं नकाशा छापलेला असतो, त्यात पंपाचा फ्यूज आणि रिले शोधा. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा दुसरा टाका, परत उडाला तर मोठा फ्यूज टाकून प्रश्न मिटवायच्या भानगडीत पडू नका, वायर जळेल, कुठंतरी शॉर्ट आहे ते शोधा. रिलेसाठी सोपा उपाय म्हणजे हॉर्नचा किंवा दुसरा कुठला रिले नंबरसकट सेम असेल तर अदलाबदल करून बघायची. पंप बोलायला लागला की काम झालं, रिले आणा आणि घरी जा. इमोबिलायझरची (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची) लाईट लुकलुकत असेल तर काही गाड्यांत ईसीयू पेट्रोलच बंद ठेवतो, दुसरी चावी लावून बघा.

फ्यूज-रिले ठीक आहेत आणि तरी आवाज नाही, मग पंपाच्या कनेक्टरपर्यंत जायचं. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटची बैठक पुढून वर ओढली की क्लिपा सुटतात आणि खाली एक झाकण दिसतं. काही गाड्यांत असं झाकणच नसतं, टाकी खालून उतरवावी लागते, ते काम जॅकवर घरी करू नका, लिफ्टवाल्या गॅरेजला द्या. सीट उचलून झाकण आहे का बघायला पाच मिनिटं लागतात, आधी तेवढं करा.

कनेक्टर न काढता मागून मल्टिमीटरच्या सुया लावा, चावी ऑन करायला लावा आणि त्या पहिल्या दोन सेकंदांतच आकडा बघा. बॅटरीला जेवढे व्होल्ट आहेत त्याच्या जवळपास, फार तर अर्धा-पाऊण व्होल्ट कमी, इथं दिसले पाहिजेत. कनेक्टर काढून मोजलं तर लोड नसल्यानं खराब वायरमधून पण बारा व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो, म्हणून लोडवरच मोजा, किंवा वायरमन लोकांसारखा बल्बवाला टेस्ट लॅम्प लावा, तो भगभगीत पेटला पाहिजे, मिणमिणता पेटला तर वायर किंवा अर्थिंग गंडलंय. अर्थिंग हा आपल्या भागातला मोठा आजार आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीतल्या कितीतरी गाड्यांत पाणी शिरलं, त्या धुऊन पुसून विकल्या पण गेल्या, आणि कार्पेटखालच्या अर्थिंगच्या बोल्टाला हिरवा गंज चढतोय हे नव्या मालकाला माहीतच नसतं. सेकंडहँड घेतली असेल तर कनेक्टर काढून पिना नीट बघा, हिरवट-काळपट दिसल्या तर पंपाआधी त्या साफ करा. उसाच्या फडाजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी वायर कुरतडलीय का ते पण बघावं, हसू नका, खरंच होतं.

आता निकाल. पॉझिटिव्हला व्होल्ट पूर्ण, अर्थिंग पक्कं, आणि पंप गप्प, मग पंप मेला. खात्रीसाठी टाकीच्या बुडाला रबरी हातोडीनं हलके दोन-तीन ठोके द्या आणि त्याच वेळी चावी ऑन करा, एकदम फिरायला लागला तर ब्रश झिजलेत. ही युक्ती रस्त्यात अडकल्यावर घरी पोचायला पण कामी येते, मात्र तसं पोचलात म्हणजे बरा झाला असं समजून पुढच्या आठवड्यात महाबळेश्वरला निघू नका.

मग प्रेशर

पंप फिरतोय पण गाडी ओढत नाही, तेव्हा आवाजावरून काही कळत नाही, गेजच लावावा लागतो. या गाड्यांत साधारण ३ ते ४ बार प्रेशर असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपवर) गेज लावायला निप्पल बहुतेक नसतो, त्यामुळं पाइपच्या मध्ये टी जोडून गेज बसवतात. किट नसेल तर विकत घेण्यापेक्षा ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून तेवढं चेक करून घ्या. मजुरी गेली तर जाऊ दे, चुकीचा पंप घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

गेजकडं तीनदा बघायचं. चावी ऑन केल्यावर किती चढतं, आयडलला किती राहतं, आणि रेस दिल्यावर किती पडतं. शक्य असेल तर लोडवर. आयडलला बरोबर आणि रेसला ढपकन खाली, म्हणजे पंप थकलाय किंवा फिल्टर-जाळी चोक आहे. सुरुवातीलाच कमी, म्हणजे पंप, प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर किंवा टाकीतला आतला पाइप फाटलाय. आणि चावी बंद केल्यावर प्रेशर लगेच शून्यावर आलं तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागं येऊ न देणारा) गेलाय किंवा इंजेक्टर गळतोय, सकाळी जास्त सेल्फ मारावा लागण्याचं कारण बऱ्याचदा हेच.

पार्ट घ्यायच्या आधी एक काम करा, कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल आहे का बघा. मार्च २०२४ मध्ये मारुतीनं २०१९ च्या दुसऱ्या सहामाहीत बनलेल्या काही बलेनो आणि वॅगनआर फ्युएल पंपाच्या मोटरसाठी परत बोलावल्या होत्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडानं नव्वद हजारांवर जुन्या गाड्यांसाठी तसंच केलं. रिकॉलमध्ये पार्ट आणि मजुरी फुकट असते, आणि गाडी सेकंडहँड घेतली असेल तर पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं.

बदलायची तयारी

टाकीत पाव टाकीपेक्षा कमी पेट्रोल असताना काम करा, भरलेल्या टाकीतून पंप काढला तर पेट्रोल केबिनमध्ये सांडणारच. मोकळ्या अंगणात, सावलीत, चारी दारं आणि डिकी उघडी. बंद पार्किंग किंवा गॅरेजच्या खड्ड्यात अजिबात नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून बसते आणि ठिणगीची वाट बघते. विडी-सिगरेट ओढणारे मित्र लांब, आगरबत्ती, देवघरातली समई पण लांब. आग विझवायचं सिलिंडर हाताशी पाहिजे, नुसती पाण्याची बादली नको, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. उजेडाला एलईडी टॉर्च.

पहिलं काम लाईनमधलं प्रेशर सोडायचं. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी चालू करा, थोड्या वेळात आपोआप बंद पडेल, वरून दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे न करता पाइप ओढला तर ३ बारनं पेट्रोल डोळ्यात येतं.

झाकण उघडलं की लगेच पाना लावू नका. पंपाच्या डोक्यावर आपल्या रस्त्यांची अख्खी धूळ बसलेली असते, लाल-काळी, बोटभर जाड, कधी मुंग्यांचं वारूळ. ब्रशनं आणि फुटपंपानं सगळं साफ करा, ओल्या फडक्यानं पुसा, कारण पंपाला टाकीत धरून ठेवणारी रिंग सुटली की हे सगळं सरळ टाकीत पडतं आणि नवी जाळी महिन्यात चोक. साफ झाल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कुठला पाइप कुठं, बाणाची खूण कुठल्या बाजूला, आणि मग मोबाइल घरात ठेवून या.

कनेक्टर काढा. पाइपाला क्विक कनेक्टर असतो, दोन्ही बाजूचे कान दाबून आधी थोडं आत ढकला मग बाहेर ओढा, खाली फडकं धरा, थोडं गळेल. जुनं प्लॅस्टिक उन्हानं कडक झालेलं असतं, पक्कडीनं आवळलं तर फुटतं आणि मग अख्खी लाईन घ्यावी लागते.

रिंग, पंप आणि मोटर

मोठी गोल रिंग काही गाड्यांत प्लॅस्टिकची आट्यांची, काहींत स्टीलची, काहींत स्क्रूवाली. घट्ट बसलेली असते. इथं नवे लोक स्क्रूड्रायव्हर टेकवून हातोडीनं हाणतात, तसं नका करू, लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी. लाकडाचा ठोकळा किंवा पितळी पट्टी टेकवून थोडं थोडं फिरवा, किंवा फिल्टर काढायचा पट्टा पाना लावा.

रिंग सुटली की पंप सरळ उपसू नका. वर उचलत उचलत तिरका करा, कारण त्याला लांब तारेवर तरंगणारा फ्लोट असतो, त्याची तार वाकली की डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा आयुष्यभर खोटं बोलेल. अर्धा वर आल्यावर थांबा, पंपाभोवतीच्या वाटीतलं पेट्रोल टाकीत निथळू द्या, मग बाहेर काढून लगेच ट्रेमध्ये. टाकीचं तोंड स्वच्छ फडक्यानं झाका.

आता तळाच्या जाळीकडं बघा, तीच सगळं सांगते. नवी असताना पांढरट असते. तपकिरी गाळ, गंजाची पूड, कधी चिकट शेवाळासारखा थर दिसला तर नुसता पंप बदलून उपयोग नाही, टाकी आतून साफ केली नाही तर नवा पण तसाच मरणार. बुडात पाण्याचे मणी फिरताना दिसले तर तेही काढा. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते पेट्रोल ई२०, त्यात २० टक्के इथेनॉल, आणि त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसातून निघतं. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात, बरोबर जाळीच्या उंचीवर. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त.

पूर्ण असेंब्ली घ्यायची की नुसती मोटर? मिस्त्री लोक मोटरच बदलतात, पैसे बरेच वाचतात, माझ्या मते गाडी आठ-दहा वर्षांची झाली असेल तर त्यात काही चूक नाही. पण मोटर बदलायची तर जाळी नवी घ्याच, आणि आतला नळीचा तुकडा पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलाच पाहिजे. बाहेरची साधी रबरी नळी आत टाकली तर ती फुगते, सुटते, आणि पंप फिरतोय पण प्रेशर नाही असं नवंच कोडं तयार होतं. वायरीचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जुन्यासारखेच लावा, उलटे लागले तर मोटर उलटी फिरते, आवाज छान येतो, पेट्रोल येत नाही. दुकानात मॉडेल सांगून पार्ट घेऊ नका, जुना पंप सोबत न्या आणि नंबर जुळवा, दिसायला सारखे दोन पंप प्रेशरला वेगळे असू शकतात.

बसवताना ओ-रिंग (रिंगखालचं रबरी सील) नवीच. जुनी पेट्रोलनं फुगलेली असते, ती परत खोबणीत बसतच नाही. वर सिलिकॉन लावायचं तर अजिबात नाही, पेट्रोल त्याला सोलून काढतं आणि ते तुकडे जाळीत जातात. पंप आत सोडताना फ्लोट कुठं अडकत नाही बघा, बाणाची खूण जुळवा, रिंग आधी हातानं सरळ आटीत धरा मग आवळा. पाइप लावल्यावर टक् असा आवाज आला पाहिजे, मग ओढून बघा.

फ्यूज परत लावा, बॅटरी जोडा. सेल्फ मारायच्या आधी चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा म्हणजे लाईन भरते, आणि प्रत्येक वेळी टॉर्च मारून पाइपाच्या जोडाशी ओल दिसते का बघा. मग गाडी चालू करा.

सीएनजीवाल्यांसाठी एक वेगळं सांगतो, कारण सातारा-सांगलीत आता सीएनजी गाड्या भरपूर झाल्यात आणि पंप सगळ्यात जास्त त्यांचेच जातात असं मला तरी दिसतं. टाकीतलं पेट्रोल पंपाला थंड ठेवतं आणि त्याला वंगण पण तेच. गाडी गॅसवर चालते म्हणून दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून रिझर्व्हच्या काट्यावर वर्ष काढलं की चालू करताना आणि गॅस संपल्यावर तो पंप कोरडा फिरतो. पाव टाकी कायम ठेवा, आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा म्हणजे पेट्रोल पण ताजं राहतं.

नवा पंप बसला, गाडी पळाली, तरी सीटखालचं झाकण लगेच चिकटवू नका. आधी टाकी फुल करा. ओ-रिंग वाकडी बसली असेल तर पाव टाकीला ते कळत नाही, पेट्रोल वर रिंगपर्यंत पोचलं आणि गाडी चढाला लागली किंवा जोरात ब्रेक मारला की मगच गळतं. फुल टाकीवर एक चक्कर मारा, दोन-चार जोरात ब्रेक, एखादा चढ, परत येऊन टॉर्च मारा, रिंगभोवती बोट फिरवून वास घ्या. कोरडं असेल तर झाकण लावा, सीट दाबून बसवा. ओलं असेल तर टाकी परत पावपर्यंत रिकामी झाल्याशिवाय रिंगला हात लावू नका, आणि तोवर गाडी बंद शेडमध्ये लावू नका.